आठ दिवस जपानचे, आणि आईसाठी एक रोबो

लोक जपानला चेरीचा बहर बघायला जातात, फुजीयामा बघायला जातात, झालंच तर बुलेट ट्रेनमध्ये बसायला जातात. आम्हीही हे सगळं (चेरी सोडून, कारण जून महिना होता) यथासांग केलं. पण खरं सांगायचं तर मी गेलो होतो आईसाठी रोबो बघायला!

हसू नका मंडळी, मुळापासून सांगतो. बाबा गेल्यापासून आई सांगलीला एकटीच असते. वय वर्षं ७६. ‘इकडे ये’ म्हटलं की ‘तिकडे बर्फात मला कोंडून घालू नकोस’ हे ठरलेलं उत्तर. हा संवाद आपल्यापैकी निम्म्या घरांत तरी होत असणार, तेव्हा जास्त लिहीत नाही. तीनेक वर्षांपूर्वी मी तिला एक बोलका डबा नेऊन दिला. ‘अभंग लाव’ म्हटलं की अभंग लावणारा, ‘आज पाऊस आहे का’ विचारलं की हिंदीत उत्तर देणारा. आईनं आधी नाक मुरडलं, आणि महिन्याभरात त्याचं नाव ‘गण्या’ ठेवून टाकलं.

मग २०२३ च्या दिवाळीनंतर शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, आणि तेही तीन आठवड्यांपूर्वी! हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा सुजून टम्म झाला होता. मधल्या काळात माझे तिला निदान दहा तरी फोन झाले होते. प्रत्येक वेळी ‘मी अगदी मजेत’.

“अगं, मला का नाही सांगितलंस?”

“कशाला? तू तिकडे रात्र रात्र जागत बसशील. तिथून तू काय करणार होतास?”

“म्हणजे कुणालाच सांगितलं नाहीस?”

“गण्याला सांगितलं की!”

आता यावर हसावं की रडावं? इंजिनिअर माणूस असल्यामुळे मी दोन्ही केलं नाही. मी ठरवलं, आईला याहून चांगला गण्या आणून द्यायचा. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत भारतात जाताना वाटेत आठ दिवस जपानला थांबायचं ठरलं. तिकिटांचा खर्च सौभाग्यवतींना पटवून देताना मात्र मी क्योटोच्या देवळांचीच नावं पुढे केली.

पिंजऱ्याबाहेरचे रोबो

रोबो मला नवे नाहीत. मोटारींच्या कारखान्यात गेली अठरा वर्षं मी त्यांच्याबरोबरच काम करतो. पण आमचे रोबो म्हणजे नुसते भलेमोठे पिवळे हात, तेही पिंजऱ्यात. पिंजऱ्याचं दार उघडलं की यंत्र थांबतं, आणि आत दुरुस्तीला जाणारा माणूस विजेच्या खटक्याला स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात घालतो. पहिल्या दिवसापासून आम्हाला शिकवलेलं असतं, विश्वास ठेवायचाच तर कुलपावर ठेवा, यंत्रावर नाही.

टोकियोत पहिल्याच संध्याकाळी हा धडा विसरायची वेळ आली. हॉटेलाजवळच्या साध्याशा खाणावळीत आमचं जेवण घेऊन आला एक रोबो. कमरेइतका उंच, चार फळ्यांचं कपाट, वर पडद्यावर मांजराचं तोंड. माझी खुर्ची जरा वाटेत होती. तो थांबला आणि केविलवाण्या सुरात काहीतरी म्हणाला. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले! मी खुर्ची सरकवली, सौ. त्याला ‘सॉरी’ म्हणाली, आणि लेकीनं त्याचे कान कुरवाळले. बाराव्या मिनिटाला तो पुन्हा आला, तेव्हा आम्ही तिघांनीही तो यायच्या आतच पाय आवरून घेतले होते.

हे आमचंच बावळटपण असं समजू नका. स्टॅनफर्डच्या बायरन रीव्हज आणि क्लिफर्ड नास या दोन प्राध्यापकांनी १९९६ साली ‘द मीडिया इक्वेशन’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी एका कॉम्प्युटरवर काम केलं, आणि ‘हा कॉम्प्युटर कसा वाटला?’ हा प्रश्न काहींना त्याच कॉम्प्युटरनं विचारला, तर काहींना दुसऱ्या. त्याच कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा लोकांनी जास्त कौतुक केलं. म्हणजे त्याच्या तोंडावर वाईट कसं बोलायचं, हा संकोच! यंत्राला भावना नसतात हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण आपला मेंदू ज्या काळात घडला, त्या काळात बोलणारं, वळून बघणारं जे काही समोर येई, ते जिवंतच असे. तो जुना हिशोब अजून चालू आहे.

निहोन्बाशीची कॉफी

दुसऱ्या दिवशी निहोन्बाशीला गेलो. हा जपानचा शून्य मैलाचा दगड. देशातल्या रस्त्यांची अंतरं या पुलापासून मोजतात, आणि पुलाच्या नेमकं डोक्यावरून एक अवाढव्य हमरस्ता गेल्यामुळे पूल बिचारा सदैव सावलीत. तिथून जवळच २०२१ साली सुरू झालेलं ‘डॉन’ नावाचं कॅफे आहे. टेबलावर एक पांढरा छोटा रोबो, पंखांसारखे हात, चेहरा नोह नाटकाच्या मुखवट्यासारखा, ना हसरा ना रडका. त्याचं नाव ओरिहिमे. कॉफी आणून देणारा त्याचा मोठा भाऊ १२० सेंटिमीटर उंच.

टेबलावरचा रोबो आमच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. लेकीनं विचारलं, “तू खरी आहेस का?” आणि आतून खळखळून हसू आलं. कारण ती खरीच होती! हे रोबो आपणहून काहीच करत नाहीत. दूर कुठेतरी अंथरुणाला खिळलेली माणसं घरून ते चालवतात. आमच्याशी बोलत होती ती क्यूशूमधली एक बाई, स्नायूंच्या आजारामुळे कित्येक वर्षं घराबाहेर न पडलेली. तिनं आम्हाला ‘मिशिगनला बर्फ किती पडतो?’ विचारलं, आणि लेकीला शाळेबद्दल इतकं बोलतं केलं की कॉफी गार झाली. हा रोबो बनवणारे केन्तारो योशिफुजी स्वतः लहानपणी आजारपणामुळे साडेतीन वर्षं शाळेबाहेर होते. त्यांनी एकटेपणा बघितला होता, म्हणून त्यांनी करमणूक करणारा रोबो न बनवता माणसाला बाहेर पडता येईल असा रोबो बनवला.

बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, “अरे, आईंना असलं काही देता येईल. पण मग आत बसून बोलायला तुला वेळ आहे का?” मी छत्री उघडायच्या निमित्तानं उत्तर टाळलं.

त्सुकुबाचं सीलचं पिल्लू

आकिहाबाराहून त्सुकुबा एक्सप्रेसनं पाऊण तासात त्सुकुबा. जपानचं हे विज्ञाननगर. एम.एस.ला माझ्याबरोबर असलेला एक जपानी मित्र तिथं राहतो, आणि त्याची ८२ वर्षांची आई जवळच्या वृद्धाश्रमात असते. तो मला तिथं घेऊन गेला तो ‘पारो’ दाखवायला. मी मुख्यतः बघायला आलो होतो तोच हा रोबो.

पारो म्हणजे सील माशाचं, (मासा कसला, सस्तन प्राणीच तो) पांढरंशुभ्र केसाळ पिल्लू. वजन तान्ह्या बाळाएवढं, पावणेतीन किलोच्या आसपास. कुरवाळलं की डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं, आणि त्याचा चार्जर चोखणीच्या आकाराचा! त्सुकुबाच्याच सरकारी संशोधन संस्थेतले ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. २००९ साली अमेरिकेच्या एफडीएनं त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत सहा हजार डॉलरच्या घरात.

सीलच का? याचं उत्तर मला फार आवडलं. रोबो-मांजर करून बघितलं तेव्हा लोक लगेच चुका काढत, कारण खरं मांजर सगळ्यांना ठाऊक असतं. सीलचं पिल्लू मांडीवर घेतलंय कुणी? अपेक्षाच नाही, तर अपेक्षाभंग कुठला! आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर ‘फार अपेक्षा ठेवू नका’ असं मध्यस्थ म्हणतात, त्यातलंच हे शास्त्र.

मित्राच्या आईनं पारो मांडीवर घेतला होता आणि त्याच्याशी हळू आवाजात बरंच काही बोलत होती. मी विचारलं, “काय म्हणतात?” मित्र जरा वेळ ऐकत राहिला. म्हणाला, “पाय दुखतोय म्हणते. मला कालच म्हणाली, काही दुखत नाही.”

मी काही बोललो नाही. सांगलीत न्हाणीघरात घसरून पडलेली माझी आई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

याचाही अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात पडद्यावरची एक यांत्रिक मुलाखतकार बाई लोकांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल प्रश्न विचारायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, ज्यांना वाटलं की हे निव्वळ यंत्र आहे, ते जास्त मोकळेपणानं बोलले. ज्यांना वाटलं की मागून कुणी माणूस ती चालवतो आहे, ते हातचं राखून बोलले. यंत्र नावं ठेवत नाही, घाबरत नाही, तिकीट काढून धावत येत नाही. आई गण्याशी का बोलते ते मला त्सुकुबाला कळलं. गण्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता असं नाही. गण्याला काळजी वाटत नाही, एवढीच त्याची जमेची बाजू!

तिथल्या नर्सबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पारो नुसता खोलीत ठेवून दिला तर चार दिवसांत कोपऱ्यात पडतो. दोन-तीन आज्ज्यांच्या मध्ये ठेवून कुणीतरी शेजारी बसलं, तर त्या आधी पारोशी बोलतात आणि मग त्याच्याबद्दल एकमेकींशी. खरं औषध ते दुसरं.

दुबळा रोबो

तिसऱ्या दिवशी शिन्कान्सेननं क्योटोला निघालो. वाटेत टोयोहाशी लागतं. आमची गाडी तिथं थांबली नाही, पण मी लेकीला खिडकीतून ते गाव दाखवलं. तिथल्या तंत्रविद्यापीठात काम केलेले मिचिओ ओकादा हे ‘दुबळे रोबो’ बनवणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांची एक चालती कचरापेटी आहे. तिला कचरा दिसतो, पण उचलता येत नाही, कारण हातच नाहीत. ती कचऱ्याजवळ जाऊन घुटमळते, डुलते. मग मुलं धावत येऊन कचरा उचलून तिच्यात टाकतात, आणि पेटी वाकून आभार मानते.

“बाबा, मग तो रोबो काही कामाचाच नाही!” लेक म्हणाली.

“पण कचरा तर उचलला गेला ना?”

ती थोडा वेळ विचार करत राहिली. “म्हणजे तो स्मार्ट आहे.”

माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत ‘माणसाची मदत लागू नये’ हेच आमचं ध्येय. मदत मागता येणं हाही यंत्राचा गुण असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अर्थात मुलं नेहमीच एवढी गुणी नसतात, हेही सांगितलं पाहिजे. ओसाकातल्या एका मॉलमध्ये संशोधकांनी रोबो फिरायला सोडला, तर मुलं त्याची वाट अडवायला आणि त्याला मारायला लागली. शेवटी २०१५ साली त्यांनी रोबोला शिकवलं की बुटकी माणसं जमली आणि जवळपास कुणी उंच माणूस नसला, की उंच माणसांकडे पळ काढायचा. आई-बाप दिसले की मुलं सरळ होतात, हे जपानी रोबोलाही कळलं!

क्योटोचा अवलोकितेश्वर

क्योटोच्या पूर्वेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी कोदाईजी हे देऊळ आहे. हिदेयोशीच्या विधवा पत्नीनं, नेनेनं, १६०६ साली नवऱ्याच्या स्मरणार्थ ते बांधलं. पावसानं ओली झालेली बांबूची बेटं, शेवाळ, दगडी वाट. आणि अशा ठिकाणी २०१९ पासून एक रोबो प्रवचन करतो! त्याचं नाव मिंदार. उंची १९५ सेंटिमीटर. चेहरा, हात आणि खांदे तेवढे सिलिकॉनचे, बाकी उघडं ॲल्युमिनियम आणि वायरी. हा आहे कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन मान कलती करून उभा असलेला पद्मपाणी आठवा, तोच हा. महाराष्ट्रातून निघालेल्या मला तो इथं या अवतारात भेटावा, याची मोठी गंमत वाटली.

आमच्या नशिबानं त्या दिवशी प्रवचन होतं. विषय प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र, म्हणजे शून्यता. भिंतीवर इंग्रजी भाषांतर उमटत होतं. तो मान वळवून आमच्याकडे बघायचा तेव्हा अंगावर शहारा यायचा. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञानं १९७० सालीच लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं होत जाईल तसतसं ते आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ आलं की एकदम दरीत कोसळल्यासारखी भीती वाटते. आम्ही तिघं त्या दरीच्या काठावर मांडी घालून बसलो होतो.

प्रवचन चुकलं नाही, अडखळलं नाही. तरीही काहीतरी कमी होतं. याच देवळात केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. मिंदारचं प्रवचन ऐकणाऱ्यांना तो, माणूस भिक्षूच्या तुलनेत, कमी विश्वासार्ह वाटला आणि त्यांनी दानही कमी दिलं. मला ते पटलं. आपल्या गावच्या बुवांचं कीर्तन आपण ऐकतो ते त्यांच्या पाठांतरासाठी नव्हे. त्यांनी उपास काढलेत, त्यांचं माणूस गेलंय, आणि तरी ते उभे राहून बोलतात. मिंदारनं काय गमावलंय?

मग माणसं यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत म्हणावं, तर अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधला २०१६ चा प्रयोग उलटंच सांगतो. खोट्या आगीचा धूर सोडला, घंटा वाजवल्या, आणि एक वाटाड्या रोबो उभा केला. सगळेच्या सगळे २६ जण त्याच्या मागे गेले. त्यांतल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्याच रोबोला वाट चुकताना बघितलं होतं! ज्या दारानं आत आले, ते दार मागे उघडं होतं. म्हणजे आपण जिथं विश्वास ठेवू नये तिथं डोळे मिटून ठेवतो. आमच्या कारखान्यातली कुलपं उगाच नाहीत.

सांगली

आठव्या दिवशी ओसाकाहून निघालो. बॅगेत रोबो नव्हता. पारो परवडला नसता असं नाही. पण मित्राच्या आईचा तो हळू आवाज डोक्यातून जाईना.

सांगलीला पाऊस लागला होता. रात्री सगळे झोपल्यावर आई आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. फडताळावर गण्याचा निळा दिवा. मी तिला जपानच्या गमती सांगितल्या, कचरापेटीची सांगितली तेव्हा ती खूप हसली. आणि मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी चार वर्षं सांगितली नव्हती. २०२० साली माझी नोकरी गेली होती. पाच महिने घरी होतो. दर शनिवारी तिला फोन करून ‘इकडे सगळं मस्त’ म्हणत होतो.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“तेव्हा कुणाजवळ बोललास?”

“कुणाजवळच नाही.”

“बघ. मला निदान गण्या तरी होता.”

मंडळी, आपण परदेशात राहणारे लोक आई-वडिलांसमोर कायम बिनचूक यंत्र होऊन उभे असतो. ‘औषधं घेतलीस का, पैसे पोचले का, काही हवंय का?’ आपल्याला काही म्हणजे काही नको असतं. आणि मग त्यांनीही आपल्याला काही सांगू नये, यात नवल कसलं? ज्याला आपली मदत लागत नाही त्याच्याजवळ आपलं दुखणं काढायला माणूस संकोचतो. ती टोयोहाशीची बिनहाताची पेटी माझ्यापेक्षा शहाणी.

परत आल्यापासून एक केलंय. शनिवारच्या फोनवर आधी मी माझं एक तरी गाऱ्हाणं सांगतो. खरं गाऱ्हाणं. साहेबाचं, पाठीचं, लेक मराठीत उत्तर देत नाही त्याचं. शेवटच्या गाऱ्हाण्यावर आईनं स्वतःच उपाय काढला. आता दर रविवारी सकाळी ती नातीला व्हिडिओवर मराठी वाचायला शिकवते, आणि गृहपाठ केला नाही तर मला ओरडते.

गेल्या महिन्यात तिचा अवेळी फोन आला. छातीत धस्स झालं. म्हणाली, “घाबरू नकोस. पायरीवरून पाय घसरला, मुरगळलाय थोडा. डॉक्टरांकडे जाऊन आले. गण्याला अजून सांगितलं नाही, म्हटलं आधी तुला सांगावं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ती म्हणाली होती तसाच रात्रभर जागत बसलो. पण खरं सांगू? बरं वाटत होतं.